कोल्हारची तालीम

दत्ता शिरसाठ गेल्याचं त्याच्या मुलाने फोनवर सांगितलं. मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. "काका, पप्पा गेले... झोपेतच." मी "बरं" म्हणालो आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. डोक्यात शिरायला बराच वेळ लागला. आता महिना होऊन गेलाय, आणि खरं सांगायचं तर दुःखापेक्षा थकवाच जास्त जाणवतो. या माणसाने मला आयुष्यभर दमवलं, आणि जातानाही काम अर्धवट ठेवून गेला.

खर्ड्याच्या आमच्या कॉलेजात तो मराठी शिकवायचा, मी इंग्रजी. दरवर्षी मुलांचं नाटक बसवायचं खूळ त्याचंच. यंदा त्याने विलायतेतल्या त्या सगळ्यात थोर नाटककाराची कॉमेडी काढली. गलबत फुटून जुळ्या बहीणभावाची ताटातूट होते, बहीण पुरुषाच्या वेषात चाकरी धरते आणि मग नुसता गोंधळ. भाषांतर मी केलं. दत्ताने ते पोरांकडून त्यांच्या बोलीत वदवून घेतलं, त्यात माझी भाषा निम्मीही उरली नाही. बहिणीचं काम दुसऱ्या वर्षाच्या सोनालीकडे होतं. ती मिशी लावून उभी राहिली की बाकीची पोरं आपोआप गप्प व्हायची.

दिवाळी झाली आणि सोनाली आईवडिलांबरोबर ऊसतोडीला कोल्हारकडे गेली. मी म्हटलं, "दुसरी मुलगी घे."

"घेतो की," दत्ता म्हणाला. "पण तिची जागा गेली असं कळल्यावर ती जूनमध्ये कॉलेजात परत कशाला येईल? आपणच जाऊ तिच्याकडं."

आणि खरोखरच गेलो. एक रविवार सोडून एक, भाड्याच्या जीपमध्ये पोरं कोंबून, पहाटे निघून. प्रवरेच्या अलीकडे तोडणी कामगारांच्या झोपड्यांपुढे, त्यांच्या भाषेत कोप्यांपुढे, उसाचे वाढे बाजूला सारून तालीम चालायची. भावाचं काम करणारा मुलगाही तोडीला भलतीकडेच गेला, तेव्हा दत्ता स्वतःच भाऊ झाला. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, विशीतल्या पोरीचा जुळा भाऊ... कोप्यांतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. सोनालीचे वडील एकदा म्हणाले, "सर, तुमचं न् हिचं नाकसुदीक जुळंना." दत्ता म्हणाला, "नाक कोण बघतंय? आई एकच हाय म्हटलं की झालं." परतीच्या वाटेवर तो माझ्या खांद्यावर मान टाकून घोरायचा आणि मी मनातल्या मनात चरफडत असायचो.

तो गेल्यावर मी नाटक बंद करायचं ठरवलं. माझ्यात त्राण नव्हतं. दत्ता गेल्याचं सोनालीला पोरांकडून कळलं होतं, पण नाटक बंद हे तिला फोनवर सांगवेना, म्हणून कोल्हारला निघालो, तर पोरंही येऊन जीपमध्ये बसली. आम्हाला बघून सोनाली उसाच्या फडातून बाहेर आली. डोक्याचा रुमाल सोडत तिने पहिलं काही विचारलं असेल तर हेच, "सर, माझ्या जागी दुसरी घेतली व्हय?"

"नाही," मी म्हणालो. पुढचं, जे सांगायला एवढ्या लांब आलो होतो, ते तोंडातून निघेना.

"मंग करू की. शेवटचा परवेश ऱ्हायलाय."

शेवटच्या प्रवेशात बुडून मेला असं समजलेला भाऊ जिवंत समोर येतो. सोनाली तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिच्या समोर कुणीच नव्हतं. पोरांतून पुढे कुणी होईना. शेवटी मीच उठलो. प्रवासाने गुडघे आखडले होते. पहिली दोन वाक्यं कशीबशी म्हटली. तिसरं मीच लिहिलेलं, पण आठवेना. मला दत्ता हवा होता, एवढंच.

सोनालीने कोपीपुढची बादली पालथी घातली आणि माझ्याजवळ सरकवली.

"बसा, सर. लई दमलाय तुमी. बसून बी भाऊ व्हता येतंय."