ज्वारीच्या कोठीतले दोन फोन
बाळांनो, आजी संध्याकाळी फोन का उचलत नाही, असं परवा तुम्ही विचारलंत, म्हणून हे लिहिते आहे. आज नवी ज्वारी पत्र्याच्या कोठीत भरताना सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला आणि तुमची आतेबहीण दहावीसाठी जिंतूरला माझ्याकडे राहत होती ते वर्ष आठवलं. सराव परीक्षेत ती गणितात नापास झाली होती. शाळेचा अभ्यास फोनवरच यायचा, त्यामुळे फोन काढूनही घेता येईना. गणितं उतरवून झाली तरी तिचा अंगठा त्यावर फिरतच राहायचा. रोज टोकून मी थकले. शेवटी म्हटलं, गणितं उतरवली की फोन कोठीत, ज्वारीखाली. ती म्हणाली, "मग तुझा बी टाक, आजी. तू बी लय बघायलीस." "मला कुठं दहावी द्यायचीय?" "मला तर द्यायचीय. तुझ्याकडं बघून माझं ध्यान जातंय." मी माझाही पुरला. थोड्या वेळाने ज्वारीतून दबलेली रिंग ऐकू आली. संध्याकाळच्या त्या वेळी मला फक्त तुमचाच फोन यायचा. तिची पेन्सिल थांबली आणि ती माझ्याकडे बघू लागली. मी उठले असते तर दुसऱ्या दिवसापासून तीही उठली असती. गुडघे चोळत मी बसून राहिले. रिंग थांबली, तशी तिनं मान खाली घालून पुढचं गणित घेतलं. ती पास झाली, आता परभणीला शिकते. तिच्या जागी तिची धाकटी बहीण अभ्यासाला बसते, आणि दिवेलागणीला दोन फोन अजूनही ज्वारीत जातात.