आक्का गप्प नव्हती

आक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी चारा छावणीच्या फाटकाशी तहसीलच्या पथकाला जनावरं दाखवत होतो. छावणी आमच्या दूध संस्थेनं चालवलेली आणि संस्थेचा चेअरमन मी. आक्काच्या शेजारच्या दावणीची पारूबाई पदर सावरत धावत आली आणि लांबूनच ओरडली, "चेअरमन, आक्का उठंना हो!" मी साहेबांना "आलोच" म्हणालो आणि आक्काच्या दावणीकडे निघालो... जाऊन पाहतो तर आक्का म्हशींच्या गव्हाणीला टेकून बसल्यासारखी होती. हात लावला, तो गार लागला.

दहाव्यानंतर संस्थेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तिचा धाकटा भाऊ म्हणून आणि चेअरमन म्हणूनही मीच बोललो. म्हणालो, "आमच्या आक्कानं कधी कुणाला काही सांगितलं नाही. मुकाट सोसलं आणि मुकाट गेली." बायांनी डोळ्यांना पदर लावले. समोर बसलेली तिची लेक सुमन मात्र कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. बाहेर पडताना ती म्हणाली, "मामा, पोटच्या पोरीलाबी सांगावं वाटलं न्हाई का तिला? एवढी परकी झालते मी?" मी मान खाली घातली आणि चपला शोधू लागलो.

आक्का माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि कडेवर सुमनला घेऊन ती माहेरी परतली, ती कायमची. आधीच्या एका मोठ्या दुष्काळात दूध संस्था निघाली, तेव्हा दारोदार फिरून बायांना सभासद तिनंच केलं. नाव मात्र माझं झालं. आमच्या वार्षिक सभेची एक रीत होती. चेअरमननं विषय वाचायचा, "सगळ्यांना मंजूर?" असं विचारायचं आणि कुणी उत्तर देण्याआधी स्वतःच "मंजूर" म्हणून पुढचा विषय घ्यायचा. चहा गार होण्याच्या आत सभा संपायची. एका वर्षी पशुखाद्याच्या ठरावाला मी असंच मंजूर म्हणून पुढं सरकलो, तर दारापाशी चेपक्या दुधाच्या कॅनवर बसलेली आक्का उठली. "बापू, मी कुठं मंजूर म्हणलं? माझं तोंड हाय की मला." हॉल हसला. कुणीतरी मागून म्हणालं, "चेअरमन, घरात तरी बहुमत हाय का?" मीही हसलो आणि पुढचा विषय घेतला.

तो कॅन संस्थेनं बाद केला होता. गुडघ्यांमुळे तिला जमिनीवर बसता येईना, म्हणून तिनं तो मागून घेतला. सभेला येताना काखेत मारून आणायची आणि जाताना घेऊन जायची.

या वेळच्या दुष्काळात तिच्या दोन म्हशी छावणीत आल्या आणि त्यांच्यामागे तीही आली. हृदय अशक्त झालंय असं बीडच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, गोळ्या चालू होत्या. एकदा वडवणीच्या बाजारातून आल्यावर ती मला म्हणाली, "मागल्या बाजाराला स्टँडपासून सरळ चालत गेलते. आज मधीच टेकावं लागलं. अन् रात्री उशाला एक गोधडी पुरायची, आता दोन घेतल्या तरी दम कोंडतो. बापू, काहीतरी बिघडलंय माझ्यात." मी म्हणालो, "वय झालं आक्का. ऊन बघ केवढं आहे." तिनं तक्रार केली नव्हती. कालची आक्का आणि आजची आक्का यांतला फरक सांगितला होता, आणि तो तिच्याइतका कुणाला ठाऊक असणार?

तिला बीडला नेलं, पण तेही माझ्या सवडीनं, कडब्याच्या गाडीचं काम होतं म्हणून. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं. "मावशी, मागच्या वेळेपेक्षा कसं वाटतंय? बरं, तसंच, की कमी?"

"बरं आहे," मी म्हणालो.

"मी मावशींना विचारलं."

आक्कानं तोंड उघडलं. "मागल्यापरीस लई..."

"तिला घाबरायची सवय आहे, डॉक्टर," मी मध्येच बोललो. "रिपोर्ट कसे आहेत ते सांगा."

रिपोर्ट जवळपास मागच्यासारखेच होते. तरीही डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पेशंटला स्वतःला फरक वाटतोय, दोन दिवस ठेवून बघू. माझ्या डोळ्यांपुढे पथक होतं. पथकाच्या तपासणीत काही निघालं असतं तर छावणी बंद पडली असती, गावाची जनावरं उघड्यावर आली असती. हे कारण खोटं नव्हतं. त्याच्या आड मी उभा राहिलो, एवढंच. "पथक येऊन जाऊ द्या, मग आणतो," म्हणालो. आक्का माझ्याकडे बघत राहिली. 'माझं तोंड हाय की मला' असं या वेळी ती म्हणाली नाही.

परतताना जीपमध्ये ती खिडकीला डोकं लावून बसली होती. वडवणीचा रस्ता लागल्यावर म्हणाली, "बापू, सुमनला फोन लाव. तिला म्हणावं, येऊन जा." तिला फोन लावता येत नव्हता, फोन माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "नांदूरघाटहून लेकरंबाळं टाकून ती कशी येणार? कावून घोर लावतेस तिला?" त्यावर ती काही बोलली नाही. गप्प बसली ती दवाखान्यात आणि इथं, तीही मी बसवली म्हणून. चौथ्या दिवशी पथक आलं.

गेल्या आठवड्यात नांदूरघाटला गेलो आणि सुमनला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी तिचा हात हलला नाही. मग तिनं विचारलं, "म्हंजी ती म्हणली होती, सुमनला बोलव म्हणून?"

"म्हणली होती."

"तिच्या तोंडानं?"

"हो."

ती रडली, पण शोकसभेत बाया रडल्या तशी नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "मग तुमी कावून बोललात तिच्या मधी?" मी करपलेली भाकरी तव्यावरून काढली. "ते सभेत बोललात ना मामा, ते सगळ्यांसमोर मागं घ्या," ती म्हणाली. म्हणून हे लिहिलं. आक्का मुकाट गेली नाही. तिनं बाजारातून येऊन सांगितलं, डॉक्टरांपुढे सांगितलं, जीपमध्ये सांगितलं. मुकाट सोसणारी बाई म्हणून गावानं तिला हात जोडले, ते माझ्या शब्दावर. तो शब्द मी मागे घेतो.

निघताना दाराशी तो चेपका कॅन दिसला. दहाव्यानंतर सुमननं तो घरी आणला होता, राखेनं घासून लखलखीत केला होता. चपला घालताना माझा तोल गेला, भिंतीला हात लावला. माझेही गुडघे आता राहिले नाहीत. सुमन उंबऱ्यात उभी राहून बघत होती. त्या कॅनवर टेका, असं ती म्हणाली नाही. मीही टेकलो नाही... उभ्यानंच चपला चढवल्या आणि स्टँडकडे निघालो.