बोकडाचं खरं वजन

आरे कॉलनीच्या कडेच्या चाळीत, शेवटच्या खोलीत काशीराम परब राहतात. हयात छापखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर वर्षभरातच हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं. काशीराम चालायला लागले आणि चालता चालता शेळ्यांच्या नादी लागले. नाद कसला, खूळच ते.

दाराशी दोन शेळ्या आणि एक मरतुकडा बोकड. पेंड घाला, गवत घाला, हा वाढायचं नाव घेईना. का? या प्रश्नानं काशीरामांना छळलं. मग एकदा त्यांनी पाहिलं, की खालच्या चाऱ्याला नाक मुरडणारा हा शहाणा कुंपणावरची बोर मात्र मागच्या पायांवर उभा राहून ओरबाडतो. म्हणजे साहेबांना जेवण वरून हवं होतं! काशीरामांनी डहाळ्यांची जुडी बांधून वाशाला टांगली.

सोसायट्यांत छाटणी झाली की माळ्याकडून पाला यायचा. शेवगा, फणस, सुबाभूळ. सुबाभूळ बेतानंच, कारण पहिल्यांदा हौसेनं भरपूर घातली तर बेट्याच्या शेपटीचे केस गळले होते. कोणता पाला तो आधी खातो, ओला की सुकवलेला, हे बघत काशीराम तासन्‌तास उकिडवे बसायचे. दर रविवारी बोकडाला गोणपाटाच्या झोळीत घालून हुकाच्या काट्याला लटकवायचं आणि वजन दारामागे खडूनं लिहायचं. सहा. नऊ. साडेअकरा.

"आज कितीक भरलो?" त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई न चुकता विचारायच्या. त्यांचं कारण वेगळं होतं. ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी गावच्या राखणदार देवाला नवस केला होता, घोव बरा होऊन घरी आला तर पंधरा किलोचा बोकड देईन. काशीरामांना हे ठाऊक होतं, पण पाल्याच्या नादात ते चक्क विसरले होते.

चौदा भरला त्या रविवारी त्यांना पंधरा किलोचा नवस आठवला. आपणच त्याला वाढवत वाढवत कुठे नेलं! पुढच्या रविवारी, छापखान्यात एक काना सुटला तरी पान परत लावणारा हा माणूस खोटं बोलला.

"चवदाच गो."

त्याच्या पुढच्या रविवारीही चौदाच. नवसाची भीती त्यांनाही होती, जीव त्यांचाच होता. पण बोकड हाक मारली की धावत यायचा, त्याला काय करणार?

तिसऱ्या रविवारी रुक्मिणीबाई बाजारातून आल्या आणि पिशवीतला कोहळा त्यांनी झोळीत घालून काट्याला लटकवला.

"बोकडाच्या जागी ह्यो चलता राखणदाराक. गाराणा मी घालतंय," त्या म्हणाल्या. "आता तेचा खरा वजन सांगा."

"साडेसतरा!" काशीराम ओरडलेच.

"माका डोळे आसत," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी खडू पुढे केला.