चिंचेच्या फॉर्मवर विकलेला गाळ

येलहंक्याच्या बस स्टँडवरून सायकलीने पाऊण तासावर एक गाव होतं. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी तिथल्या ग्रामपंचायतीचा सेक्रेटरी होतो. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलं, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. फौज परत गेली, आम्ही राहिलो. खरे घोडे गेले आणि पिढ्या उलटल्यावर माझ्या वाट्याला कागदी घोडे आले. ते मात्र मी उत्तम नाचवायचो. ठराव, नोटिसा, तीन प्रतींतले अहवाल, कशातही कुणाला कधी काना-मात्रेची चूक सापडली नाही, आणि मला त्याचा नको इतका गर्व होता.

पंचायतीकडे पैसा मात्र कधीच नसायचा. घरपट्टी लोक सवडीने द्यायचे, म्हणजे बहुतेक देत नसत. बिल थकल्यामुळे रस्त्यावरचे दिवे बंद होते आणि शाळेचं छप्पर दोन ठिकाणी गळत होतं. हमखास उत्पन्न एकच, रस्त्याच्या कडेच्या चिंचांचा लिलाव. दर वर्षी गावात दवंडी पिटायची, पंचायतीच्या ओट्यावर बोली लावायची, आणि ज्याची बोली मोठी त्याने झाडं उतरवून न्यायची. यासाठी एक छापील फॉर्म होता. झाडं किती, माल अंदाजे किती गाड्या, उतरवण्याची शेवटची तारीख, रक्कम, सही. माझा तो लाडका फॉर्म होता. डोळे मिटून भरता यायचा.

त्या खेपेला अध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं आणि शेवंतीचा मळा करणाऱ्या एक बाई निवडून आल्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं, मीही म्हणायचो. त्यांना वाचता येत नव्हतं, पण निवडून आल्यावर त्यांनी महिनाभर पाटीवर गिरवून सही शिकून घेतली होती. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सेक्रेटरी, मला कागद कळत नाही. तुम्ही जे वाचून दाखवाल तेच मला कळणार. तेव्हा नीट वाचत जा." मी मान डोलावली. इतका विश्वास कुणी टाकला की माणूस खरं तर सावध व्हायला पाहिजे. मी उलट सैल पडलो.

तालुक्याहून पत्र आलं की पंचायतींनी आपलं उत्पन्न आपण वाढवावं, तळी जपावीत, गावाचा विकास साधावा. तिन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात, जणू एकाच दुकानात मिळतात. आणि नेमका त्याच महिन्यात एक कंत्राटदार आला. शहर येलहंक्याच्या दिशेने सरकत होतं, विटा पुरत नव्हत्या. त्याला वीटभट्टीसाठी तळ्यातला गाळ हवा होता. गाळ निघाला की तळं खोल होणार, शिवाय पंचायतीला पैसे. एका दगडात दोन पक्षी! मी तर मनातल्या मनात रस्त्याचे दिवे लावूनही टाकले.

बैठक भरली. सदस्य सतरंजीवर, अक्का खुर्चीवर, मी टेबलाशी. आणि उंबऱ्यावर नीरगंटी बसलेला. तळ्याचा दरवाजा उघडायचा आणि खालच्या भातशेतांना पाणी वाटून द्यायचं हे त्याचं काम. त्याच्या बापाचं, आजोबाचंही तेच. सुगीला प्रत्येक शेतकरी त्याला भाताचा वाटा द्यायचा आणि पंचायत महिन्याला थोडंसं मानधन. तो सदस्य नव्हता, म्हणून आत येत नसे. पण तळ्याचा विषय असला की उंबऱ्यावर येऊन बसायचा, आणि त्याला कुणी कधी ऊठ म्हणत नसे.

त्या दिवशी तो बोलला. "स्वामी, गाळ काढा, चांगलंच आहे. माझा बाप दर उन्हाळ्यात सगळं गाव लावून काढायचा. पण काढायचा तो सगळीकडून सारखा, आणि एक हात खोल. खाली पांढरी चिकणमाती लागली की थांबायचं. ती तळ्याची कातडी आहे. ती फाडली तर पाणी राहत नाही. तेवढं लिहा."

"लिहून घ्या हं, सेक्रेटरी," अक्का म्हणाल्या.

"सरी, अक्का," मी होकार दिला, आणि लिहिलं नाही.

का नाही लिहिलं, हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलं आहे. वाईट हेतू नव्हता. कंत्राटदाराचा चहासुद्धा मी प्यायलो नव्हतो. कारण साधं होतं आणि म्हणूनच लाजिरवाणं होतं. इतिवृत्तात सदस्यांचंच बोलणं लिहायचं, हा नियम. नीरगंटी सदस्य नव्हता. आणि करारात लिहावं तर गाळाच्या विक्रीसाठी छापील फॉर्मच नव्हता. मी चिंचेचा काढला, 'चिंच' खोडून 'गाळ' लिहिलं, 'झाडे' खोडून तिथे रेघ मारली आणि गाड्यांच्या जागी लॉऱ्यांचा आकडा भरला. चिंच किती खोल उतरवायची असं कुणी विचारत नाही. त्या फॉर्मवर खोलीला रकानाच नव्हता.

करार अक्कांना वाचून दाखवायला घेतला तेव्हा हवाई दलाचं विमान डोक्यावरून जात होतं. तिकडे विमान गेलं की बोलणं थांबवायचं आणि आवाज विरला की पुढे चालू करायचं, अशी सगळ्यांना सवयच होती. मी त्या दिवशी थांबलो नाही. विमानाच्या आवाजात भराभर वाचून टाकलं. अक्कांनी जिभेचं टोक दातांत धरून, एकेक अक्षर कोरत सही केली.

लॉऱ्या सुरू झाल्या. कंत्राटदाराने रस्त्यालगतचा कोपरा धरला. तळ्यात आतपर्यंत लॉरी कशाला न्यायची, डिझेल जळतं! सगळीकडून एक हात काढायच्या ऐवजी तो एकाच जागी खाली खाली जात राहिला. नीरगंटी दोनदा ऑफिसात आला. दोन्ही वेळा मी त्याला रजिस्टर दाखवून म्हणालो की लॉऱ्या ठरल्या आकड्याच्या आतच आहेत, काळजी करू नका. तिसऱ्या वेळी त्याने मुठीएवढा पांढऱ्या मातीचा गोळा माझ्या टेबलावर, कराराच्या कागदावर ठेवला आणि निघून गेला. गोळा ओला होता. कागद खराब होईल म्हणून मी आधी तो उचलून बाजूला ठेवला, आणि मग मला कळलं की तो काय सांगून गेला.

मी सायकल दामटत गेलो. शेवटची लॉरी भरत होती. खड्ड्यात माझ्यासारखे दोन एकावर एक उभे राहिले असते.

पाऊस चांगला झाला, तळं काठोकाठ भरलं आणि लोकांनी खाली भात लावलं. मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी तळ्यावर जाऊन पाणी बघायचो. पहिला आठवडा बरा गेला. मग पाणी उतरायला लागलं, ऊन नसलं तरी उतरायला लागलं. महिना व्हायच्या आत तळ मोकळा झाला. रोपं उभ्या जागी पिवळी पडली. भात नाही म्हणजे नीरगंटीचा वाटाही नाही. त्याच्या हातात आता फक्त ते मानधन उरलं.

शेतकऱ्यांनी तालुक्याला अर्ज केला आणि साहेब चौकशीला आले. माणूस दुष्ट नव्हता, घाईत होता. करार बघितला, इतिवृत्त बघितलं. "ठरावाला कुणाचा विरोध नाही, कुणाची सूचना नाही. पंचायत तरी काय करणार?" मग उंबऱ्याकडे वळून म्हणाले, "काय रे, तू नीरगंटी ना? तळं तुझ्या ताब्यात. खोल खणू नका म्हणून तू सांगितलं नाहीस?"

नीरगंटीने माझ्याकडे बघितलं. जेमतेम क्षणभर. मग म्हणाला, "नाही, सार. मला सुचलं नाही."

अक्का खुर्चीतून पुढे झुकल्या. "असं कसं? तुम्ही तर त्या दिवशी..."

"अक्का, तुम्हाला आठवत नसेल," तो शांतपणे म्हणाला.

साहेबांना तेवढं पुरे होतं. घोडं कुठे पेंड खातं ते त्यांना सापडलं होतं. त्यांनी मला लिहून घ्यायला सांगितलं. नीरगंटीने कामात हलगर्जी केली, सबब त्याला कामावरून कमी करावं, मानधन बंद करावं, तळ्याच्या दरवाजाची किल्ली पंचायतीने ताब्यात घ्यावी. मी 'नीरगंटीने' एवढं लिहिलं. माझं अक्षर सुरेख आहे, सगळे म्हणायचे. त्या शब्दापुढे मात्र हात हलेना. मला स्वतःची किळस आली. ज्याच्या तीन पिढ्यांनी तळ्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, त्याला मी माझ्या वळणदार अक्षरात हाकलून द्यायला बसलो होतो. आणि तो उंबऱ्यावर बसून माझी सोय करून देत होता.

"सार, त्याने सांगितलं होतं," मी म्हणालो. "भर बैठकीत. अक्कांनी लिहायलाही सांगितलं. मी लिहिलं नाही. करारात घातलं नाही, आणि अक्कांना वाचून दाखवलं तेही नीट नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग मी कुणाचं नाव घालू?"

"माझं."

"घाला तर," ते म्हणाले. "कागद तुमच्याच हातात आहे."

मी 'नीरगंटीने' खोडलं. चिंचेचा तो फॉर्म सोडला तर माझ्या दप्तरात पडलेली ती पहिली खाडाखोड. माझी वेतनवाढ थांबली आणि तिकडे दूर, दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. घरी सांगितलं तेव्हा बायकोने ताट वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. "बरं केलंत," ती म्हणाली. "तोंड असं करून बसू नका की. स्वल्प जेवून घ्या." मी जेवलो. खरं सांगायचं तर खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

बदलीच्या आधी अक्कांनी एक चांगला ठराव करून घेतला. गाळाचे पैसे दिव्यांना नाही, छपराला नाही, आधी तळ्याला. नीरगंटी म्हणेल तशी चिकणमाती आणायची आणि खड्डा बुजवायचा. ठराव लिहिल्यावर मी तो सावकाश वाचून दाखवला. मधे विमान आलं तेव्हा थांबलो. अक्कांनी तो मला पुन्हा एकदा वाचायला लावला आणि मगच सही केली. मला मुळीच राग आला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी तळ्यावर गेलो. खड्ड्यात माती टाकून, वर पाणी शिंपून तिच्यावरून म्हशी फिरवायचं काम चाललं होतं. चिखल तुडवून तुडवून घट्ट झाला की पाणी धरतो. नीरगंटी गुडघाभर चिखलात म्हशींच्या मागे चालत होता. त्याचं काम राहिलं होतं, किल्ली त्याच्याच कमरेला होती. खोटं कशाला बोलू, तो माझे आभार मानेल असं मला वाटत होतं. चार शब्द चांगले बोलेल, निदान जाताना डोळ्यांत पाणी तरी आणेल.

"उद्या निघतो," मी काठावरून म्हणालो.

त्याने म्हशी थांबवल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे सरलो. तो भयंकर चिडला होता. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"तुमचं काम गेलं असतं," मी म्हणालो. "माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात. मी गप्प कसा बसणार?"

"तुमच्यासाठी?" तो म्हणाला. "मला काय, किल्ली काढून घेतली असती तरी मी रोज इथेच येणार होतो. कोण अडवणार? पण आता नवा सेक्रेटरी येईल. त्याला माती माहीत नाही, पाणी माहीत नाही. तो पुन्हा कुठला तरी कागद काढेल. तुम्ही ही चूक पुन्हा जन्मात केली नसती, स्वामी. एवढं तळं रिकामं करून आम्ही एक सेक्रेटरी शिकवला होता. तो तुम्ही दुसऱ्या गावाला फुकट देऊन टाकलात."

एवढं बोलून त्याने पुढच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि चिखल तुडवत तो पलीकडे निघून गेला.