काळी नदीचे उद

तिसऱ्या दिवशीही कॅमेऱ्याच्या प्लेटवर नुसता ओला खडक आला. जंगल खात्याच्या बंगल्याच्या न्हाणीघराला कांबळं लावून अंधार केला होता, तिथे मी प्लेट धुतली, उजेडात धरली आणि स्वतःला चार शिव्या घातल्या.

उद म्हणजे पाणमांजर. गणेशगुडीच्या खालच्या अंगाला काळी नदीच्या डोहांत त्यांचे कळप असत. माझ्या इंग्रज जंगल साहेबांना जनावरांचा आल्बम करायचा होता. कारवारचा किनारा आम्ही एकेका दिवसाच्या फेऱ्या करून आटोपला होता. समुद्रपक्षी, खेकडे, लांबवर एका डॉल्फिनची पाठ, एवढं जमलं होतं. राहिला होता उद. इथे गणेशगुडीला येताच साहेबांना ताप भरला आणि ते बंगल्यात पडून राहिले. खाटेवरूनच ते परीक्षा देऊन शिकलेलं मराठी बोलत.

"आमच्या देशात समुद्रकाठी सील नावाची जनावरं असतात. वाळूवर पडून राहतात. तुझे उद का राहत नाहीत?"

"विचारून बघतो, साहेब."

"फोटो दे. तुला पर्मनंट करतो."

मी खात्यात टेंपररी फोटोग्राफर होतो. बेळगावचा स्टुडिओ सोडून आलो होतो. लग्न ठरलं होतं आणि सासरे पर्मनंटच्या हुकमावर डोळे लावून बसले होते.

तेव्हाचा कॅमेरा म्हणजे तिपाईवरची पेटी. डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि मागच्या काचेवर खडक स्पष्ट करून घ्यायचा, त्याला फोकस म्हणतात. मग त्या काचेच्या जागी प्लेट सरकवायची. त्यानंतर आपल्याला पेटीतून काही दिसत नाही. जनावराने नेमकं त्याच खडकावर यायचं आणि क्षणभर हलायचं नाही. हललं की प्लेटवर नुसता धूर.

प्लेटांची पेटी डोक्यावर वाहायला पार्वतीअक्का होती. पन्नाशीची, विधवा, डोहाच्या वर तिची एकटीची झोपडी. पहिल्याच दिवशी नदी दिसताच तिने तोंडाशी हात नेऊन हाळी दिली, "कूऽऽ! येतो रे, येतो!"

"अक्का, गप्प! जनावरं पळतील."

"वरडल्याबिगर पाण्याला जायाचं न्हाई. आमच्यात तसं हाय."

"माझ्यात नाही."

तीन दिवस आम्ही चोरासारखे गेलो आणि झुडपामागे दबून बसलो. तिन्ही दिवस उदाची एक शीळ, एक डुबकी, की डोह रिकामा.

चौथ्या दिवशी अक्काने वाटेतच पेटी खाली ठेवली.

"पोरा, गप कोण येतंय ठावं हाय? कातडंवाला. फास लावायला येतंय त्ये. वरडत येतंय त्ये पाणी न्यायला. उदास्नी ह्ये कळतंय. तुला न्हाई."

मी खजील झालो. बेळगावात मी स्वतःला फार हुशार समजत असे.

"मग आता?"

"मी वरडतो. तू मुकाट्यानं तुझं काम कर."

मी उघड्यावरच तिपाई मांडली, पाण्यालगतचा दुसरा खडक फोकस केला, प्लेट सरकवली. अक्काने हाळी दिली. थोड्या वेळाने पाण्यातून एक डोकं वर आलं. मग चार उद खडकावर चढले आणि त्यातला थोरला मागच्या पायांवर उभा राहून अक्काकडे बघत बसला. हलेना. मी शटरचा रबरी फुगा दाबला.

परतताना अक्काने विचारलं, "ह्यो फोटू कुणाला दावणार?"

"साहेबांना."

"जागा सांगू नगंस. मागं कातडंवाल्यानं निम्मी जनावरं मारून न्हेली. एकटी हाय मी. त्यांचा आवाज नसला की दीस सरत न्हाई."

मी सवयीने "बरं" म्हणालो.

फोटो कडक आला. मिशासुद्धा मोजता येत होत्या. साहेब तापातही उठून बसले.

"अप्रतिम! उद्याच हुकूम टाईप करायला सांगतो. खाली ठिकाण लिही." मी पेन्सिल घेतली. ते पुढे म्हणाले, "धारवाडचा माझा मित्र येतो आहे. त्याच्या बायकोच्या कोटाला कॉलर हवी. सहा कातडी पुरेत."

पेन्सिल थांबली. सासरे आठवले, अक्का आठवली. मग मी लिहिलं: कारवार, समुद्रकिनारा.

"कारवार? मी सोबत होतो!"

"शेवटच्या दिवशी आपण जेवायला गेलात, तेव्हा मिळाला, साहेब. प्लेट आज धुतली."

"आणि इथे?"

मी खडकाच्या तीन प्लेटा पुढे केल्या.

बरे झाल्यावर साहेब मित्राला घेऊन कारवारला गेले. चार दिवस वाळू तुडवून दोघे लाल नाकांनी परतले.

"तिथे उद नाही. कोळी आम्हाला हसले."

"कधीकधी येतात, साहेब."

टाईप केलेला हुकूम सहीवाचून ड्रॉवरमध्येच राहिला. महिनाअखेर मला नोकरीतून मोकळं केलं.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? बेळगावात परत नवरानवरीचे फोटो काढू लागलो. सासऱ्यांनी मुलगी दिली, पण पर्मनंट नोकरीवरून मरेपर्यंत टोमणे मारले.

धंद्यातल्या नव्या पोरांना मी एकच सांगतो. फोटो कशासाठी हवाय, हे शटर दाबण्याआधी विचारा. मी नंतर ऐकलं, म्हणून मला खोटं बोलावं लागलं.