चौदा इंची की वीस इंची

माझ्या दोन्ही बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डांवरून भांडत होतात. एकाची मेमरी जास्त, दुसरं कमी विजेत चालतं आणि चित्र अडखळू देत नाही. तक्ते दाखवलेत, आकडे वाचलेत आणि शेवटी म्हणालात, "आजी, तूच सांग कोणतं घ्यावं." मी हसून वेळ मारून नेली. पण तेव्हापासून कोंढ्याचं आपलं घर मनातून हलत नाही. तिथे आम्हीही एकदा चित्रासाठी दोन यंत्रं शेजारी मांडून असेच भांडलो होतो. ते पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत, म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. नागपूरचं प्रक्षेपण आमच्यापर्यंत कसंबसं पोहोचायचं. आमच्या आळीत टीव्ही नव्हता. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, सैन्यात होते आणि दोन पावसाळे घरी आले नव्हते. दिवाळीनंतर त्यांचं पत्र आलं. सव्वीस जानेवारीला दिल्लीच्या संचलनात त्यांची तुकडी चालणार होती, आणि ते पहिल्या रांगेत अगदी कडेला.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते पत्र माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

"पत्रात तर तो नेहमीच लिवते, मजेत हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "वाळला का भरला, ते मले माह्या डोयानं पाहाचं हाय."

एवढ्यासाठी टीव्ही घ्यायचं ठरलं. पवनीच्या दुकानदाराने दोन सेट आठवडाभर वापरून पाहायला पाठवले. एक वीस इंची, लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा. दुसरा चौदा इंची, प्लास्टिकचा, वर उचलायची कडी असलेला. दोन्ही काळेपांढरे. माहितीपत्रकं इंग्रजीत, त्यामुळे ती वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मुलांच्या पाटीवर मधोमध रेघ मारली. पडदा केवढा, स्पीकर किती, वीज किती लागते, विजेचा दाब किती उतरला तरी चालतो, असं सगळं दोन्हीकडे लिहिलं. पाटीवर मोठा सेट सहज जिंकला.

तुमच्या आजोबांचा पाटीवर भरवसा बसेना. आमच्याकडे नव्या वाणाचा तांदूळ पारखायचा तर दोन सारख्या गंजांत, म्हणजे पातेल्यांत, एकाच चुलीवर, सारख्याच पाण्यात भात शिजवायचे आणि वरण न घेता कोरडाच चाखायचे. त्यांनी टीव्हीही तसेच पारखले. दोन्ही एकाच बाकावर ठेवले आणि छपरावरच्या कवेलूंच्या वर बांबूला बांधलेल्या एरिअलची तार आळीपाळीने दोघांना लावली.

मोठ्यावर बातम्या देणारी बाई मुंग्यांच्या वारुळातून बोलतेय असं वाटायचं. संध्याकाळी दाब उतरला की तिचं चित्र चहूबाजूंनी आकसायचं. लहान सेटवर मुंग्या कमी, चित्र स्थिर. आत्याबाई पाट घेऊन पडद्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या.

"इचे दात दिसून रायले," त्या म्हणाल्या. "हाच ठेवा."

आजोबा जरा हिरमुसले. "माय, मोठाच घेऊ ना. चार लोक येतीन, शोभून दिसन."

"शोभेची का आरती करतं? मले पोरगा पाहाचा हाय का पेटी?"

मोठा सेट बैलबंडीत बसून पवनीला परत गेला. मलाही वाटलं, पाटीवरच्या रकान्यांपेक्षा हीच परीक्षा खरी.

सव्वीस जानेवारीला सकाळपासून गाव आमच्याकडे लोटलं. गावचा पोरगा दिल्लीला चालणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? खोली भरली, ओसरी भरली. वडीलधारे पुरुष पुढे सतरंजीवर बसले. त्यांत आत्याबाईंचे थोरले दीर होते. त्यांच्यापुढे जाऊन बसणं आत्याबाईंना जन्मात जमलं नसतं. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकल्या, मी त्यांच्या शेजारी. तिथून तो पडदा पोस्टकार्डाएवढा दिसत होता. आठवडाभर आम्ही चित्र तपासलं होतं. पाहणारी त्या दिवशी कुठे बसेल, हे कुणीच तपासलं नव्हतं.

"आत्याबाई, समोर चला. मी सांगते त्यांना," मी हळूच म्हटलं.

"राहू दे, बाई. मोठे भाऊजी बसले हायेत."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आली, आली! आपली पलटण आली!" आणि सगळी खोली उठून उभी राहिली. आम्हाला दिसल्या त्या पाठी, टोप्या आणि खांद्यांवरचे दुपट्टे. आत्याबाईही उठल्या. माझ्या खांद्यावर हात रोवून त्यांनी टाचा उंचावल्या. बँड मात्र स्वच्छ ऐकू येत होता. मग माणसं खाली बसली, तेव्हा पडद्यावर उंटांची रांग होती.

"दिसला का?" आत्याबाईंनी उंबऱ्यावरूनच विचारलं.

"दिसला ना, काकी! कडेनंच होता. एकदम ताठ!"

"वाळला का?"

"आता टोपीत अन् मिशीत काय समजते, काकी!"

सगळे हसले. आत्याबाईही हसल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

लोक पांगल्यावर त्या पाट घेऊन सेटसमोर बसल्या. "हे परत नाही दाखवत का?" मी नाही म्हटलं. तरी त्या बसून राहिल्या. समोर कुणी माणूस शेताला खत कसं द्यावं ते सांगत होता.

उन्हाळ्यात दीर रजेवर आले. पहिल्याच दिवशी जेवून उठले, तर आत्याबाईंनी खाट ओढून अंगणाच्या मधोमध टाकली आणि तिच्यावर बसल्या.

"चालून दाखव. दिल्लीले चालला तसा."

"माय, लुंगीवर? लोक हासतीन."

"हासू दे. त्या दिवशी लोकायनंच पाह्यला तुले."

दीरांनी लुंगी खोचली आणि गोठ्यापासून फाटकापर्यंत चालत गेले, हात खांद्याच्या उंचीला नेत. परत येताना खाटेपाशी त्यांनी मान वळवली आणि सलाम ठोकला. आत्याबाई खूप वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"वाळला," त्या म्हणाल्या. "पत्रात खोटं लिवत जाऊ नको."

फोनवर तुम्ही दोघं मला अगदी साफ दिसता. तरी दर वेळी मी विचारतेच, जेवलात का. तुम्ही वैतागता, ते मला कळतं.

आत्याबाई जाऊन फार वर्षं झाली. तुमचे आजोबाही नाहीत. टीव्ही भंगारात गेला, कोंढ्याचं घर दुसऱ्यांचं झालं. तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे तेच माझे दीर, अजून आहेत. पवनीला राहतात, गुडघे दुखतात, आणि रोज सकाळी नदीपर्यंत चालून येतात.