मस्कतची पेटी

आंबा हातात आला की भाऊ आधी उलटा करून देठाकडे बघायचे आणि मग विचारायचे, "कुठं जातंय?" समोर गिऱ्हाईक कितीही मोठं असो, नजर आंब्यावरच.

मांडवीला माझं पार्सलचं दुकान आहे. सीझनचे दोन महिने ते माझ्याकडे पेट्या भरायला बसत. सगळे त्यांना भाऊ म्हणत. पुण्याला जाणारं फळ पिकायला आलेलं, दिल्लीला जाणारं कच्चं. पेटी उघडेल त्या दिवशी आंबा खाण्याजोगा हवा, हा त्यांचा हट्ट. चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, असं ते स्वतःच सांगत. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. वाईट एवढंच, की भाऊंचं खरं होतं.

मी कॉम्प्युटरवर बघून सांगायची, "भाऊ, मुंबई ते मस्कत साडेपंधराशे किलोमीटर. विमानाला अडीच तास."

"विमान ऱ्हाऊ दे बाय. हितून मुंबई, मग ती तपासणी, मग तिकडची तपासणी. चार दिवस धर."

मस्कतला त्यांची एकुलती एक मुलगी. वहिनी वारल्यापासून ती त्यांना बोलवत होती. इथे भाऊ एकटे, एकदा भात टाकायचा आणि दोन वेळा जेवायचा. तिचा फोन दुकानातच यायचा.

"बाबा, अडीच तासांचा तर प्रवास!"

"पेटीला चार दिवस लागतात. म्हाताऱ्याला किती लागतील?" असं म्हणून फोन बंद.

विमानाची भीती वाटते, हे त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आमच्याकडचा माणूस बोटीवर जन्म काढील, पण घाबरलो म्हणणार नाही.

गेल्या सीझनला नातवाने फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्ही फक्त फोनमध्येच असता का?" दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी भाऊ दारात उभे. "तिकीट काढ. शनिवारी जातो, सोमवारी परत. पोराचं तोंड बघून येतो."

सोबत न्यायची पेटी त्यांनी स्वतः भरली. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

शनिवारी संध्याकाळी मुलीचा फोन. "ताई, बाबा सुखरूप पोचले. पण आंबे सगळे हिरवेगार, दगडासारखे!"

मी पोट धरून हसले. सवयीने त्यांनी पार्सलचं फळ भरलं होतं, चार दिवसांच्या हिशेबाने. आणि पेटी तर त्यांच्याबरोबर एका दिवसात पोचली.

तिने फोन भाऊंकडे दिला. "चाळीस वर्षांतली पहिली चूक, भाऊ!" मी म्हणाले.

"व्हायचीच कधीतरी," ते म्हणाले. "आता पिकेपर्यंत थांबायला हवं. कच्चं फळ टाकून कसा येऊ? तिकीट पुढं ढकल."

आवाज असा खुशीत होता, की मला तेव्हाच शंका आली.

तिकीट आठ दिवसांनी पुढे गेलं, मग महिन्याने. मग मुलीने व्हिसा वाढवून घेतला. गणपतीला मुंबईचे चाकरमानी झाडून गावी आले, भाऊ आले नाहीत. पुढच्या सीझनला पेट्या कोण भरणार, याची मला काळजी आहे. पण खरं सांगते, ते तिथेच राहावेत असं वाटतं.

परवा मी फोन केला. मागे पोरगा "आजोबा, चला ना!" म्हणून ओरडत होता.

"भाऊ, पिकले का आंबे?"

"नाय गो बाय," ते म्हणाले, "अजून जरा कच्चेच आहेत."